पाच बाटल्या आणि एक वही

माझ्या कपाटात एकेकाळी पाच बाटल्या होत्या. व्हायटेक्स, ब्लॅक कोहोश, इव्हिनिंग प्रिमरोझचं तेल, आल्याच्या कॅप्सूल आणि 'मूड'साठीचं एक मिश्रण. दोन मी स्वतः घेतलेल्या, बाकीच्या हितचिंतकांच्या कृपेने आलेल्या. पाळीच्या आधीचा आठवडा माझा वाईट जायचा. स्तन जड होऊन दुखायचे, डोकं धरायचं, आणि चिडचिड तर अशी की घरातले लोक तारीख बघून माझ्याशी बोलायचे. पाळी सुरू झाली की मग ओटीपोटात कळा. पहिल्या डॉक्टरांनी 'हे असंच असतं' म्हणून बोळवण केली होती, त्यामुळे बाटल्यांकडे वळणं ओघानेच आलं.

गंमत अशी की पाचही बाटल्यांचा मला गुण आला होता. प्रत्येकीचा, दीड-दोन महिने. मग पुन्हा ये रे माझ्या मागल्या. पाच औषधं लागू पडतात आणि त्रास जागचा हलत नाही, हे गणित मला उशिराच खटकलं, पण खटकलं. या वनस्पतींवर खरंच काय संशोधन झालंय ते स्वतः वाचायचं ठरवलं. मी डॉक्टर नाही, आणि संख्याशास्त्राशी माझं कॉलेजपासूनच बरं नव्हतं.

सुरुवातच चुकली. व्हायटेक्स म्हणजे आपली निर्गुंडी, असं कुणीतरी सांगितलं होतं. दोन संध्याकाळी मी निर्गुंडीवरचे लेख वाचत बसले. सूज, सांधेदुखी, उंदरांवरचे प्रयोग. पाळीचा पत्ता नाही. मग बाटलीवरची बारीक अक्षरं वाचली. निर्गुंडी म्हणजे व्हायटेक्स निगुंडो. माझ्या बाटलीत होती व्हायटेक्स ॲग्नस-कास्टस, भूमध्य समुद्राकाठची तिची चुलत बहीण. नुसतं व्हायटेक्स म्हणजे नुसतं आडनाव. त्यानंतर प्रत्येक बाटलीचं पूर्ण लॅटिन नाव कागदावर उतरवल्याशिवाय मी शोधायला बसले नाही.

पूर्ण नाव घालून पबमेडवर, म्हणजे वैद्यकीय संशोधनाच्या ऑनलाइन सूचीत, शोधलं तर २००१ सालचा, ब्रिटिश मेडिकल जर्नलमधला एक अभ्यास हाती लागला. पाळीआधीचा त्रास असलेल्या १७० स्त्रिया. निम्म्यांना या फळाच्या अर्काची गोळी, निम्म्यांना हुबेहूब दिसणारी बिनऔषधाची, म्हणजे प्लासिबो. कोणाला काय मिळालंय ते त्यांनाही ठाऊक नाही आणि देणाऱ्यांनाही नाही. तीन पाळ्या असं चाललं. अर्क घेणाऱ्यांपैकी ५२ टक्के स्त्रियांचा त्रास निम्म्याहून कमी झाला. मी जवळजवळ टाळ्याच वाजवल्या. मग पुढचा आकडा वाचला. बिनऔषधाच्या गोळीनेही २४ टक्क्यांना तितकाच फरक पडला होता.

त्या २४ टक्क्यांत मी होते. म्हणजे त्या अभ्यासात नव्हते, पण माझ्या कपाटातल्या पाचही बाटल्यांची गोष्ट तीच होती. मी बाटली कधी उघडायचे? ज्या महिन्यात अगदी असह्य झालं, त्या महिन्यात. तसा महिना रोज रोज येत नाही. त्याच्या पुढचा महिना बहुतेक वेळा जरा बराच असतो, बाटली उघडा नाहीतर नका उघडू. श्रेय मात्र बाटलीला. त्यात 'आता काहीतरी करतेय' या भावनेचा दिलासा मिळवा.

५२ आणि २४ यांत फरक उरतोच, आणि तो मी नाकारत नाही. त्याला एक कारणही सुचवलं जातं: या फळातले काही घटक डोपामिन या मेंदूतल्या रसायनाच्या ग्राहींना (रिसेप्टर्सना) चिकटतात, त्यामुळे प्रोलॅक्टिन हे संप्रेरक कमी स्रवतं, आणि स्तन दुखण्याशी प्रोलॅक्टिनचा संबंध जोडला जातो. पण २०१७ मध्ये अशा सगळ्या चाचण्या एकत्र करून बघणारा आढावा निघाला, त्याने माझा उत्साह बराच खाली आणला. निकाल बहुतेक अनुकूल, पण चाचण्यांची आखणी कच्ची, एकीचा निकाल दुसरीशी जुळत नाही, आणि फसलेल्या चाचण्या छापल्याच गेल्या नसाव्यात अशी शंका. शिवाय २००१ च्या अभ्यासातली गोळी म्हणजे एका ठरावीक पद्धतीने काढलेला अर्क होता. माझ्या बाटलीत होती नुसती भुकटी. नाव एक, माल वेगळा.

आल्याच्या बाबतीत मी पुन्हा घाई केली. २००९ च्या एका अभ्यासात १५० विद्यार्थिनींना पाळीच्या पहिल्या तीन दिवसांत आलं किंवा मेफेनॅमिक ॲसिड, आयब्युप्रोफेन या वेदनाशामकांपैकी एक दिलं, आणि तिन्हींचा परिणाम सारखाच आला. 'आलं आयब्युप्रोफेनच्या तोडीचं' असा निरोप मी तीन मैत्रिणींना पाठवूनही टाकला. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं की त्यात प्लासिबोचा गट नव्हताच. निरोप मागे घ्यायला जरा लाज वाटली. कॉक्रेन म्हणजे वैद्यकीय चाचण्या एकत्र करून तपासणारी संस्था; तिच्या २०१६ च्या आढाव्यात पाळीच्या दुखण्यावरच्या अशा पूरकांच्या २७ चाचण्या, ३१०१ स्त्रिया. आलं, मेथी, व्हॅलेरियन यांच्या बाजूने थोडाफार पुरावा, पण भक्कम म्हणावा असा एकाचाही नाही. या वाचनात एक गोष्ट मात्र फुकट पदरात पडली. कळा येतात त्या गर्भाशयाच्या अस्तरात तयार होणाऱ्या प्रोस्टाग्लँडिन या रसायनामुळे, आणि आयब्युप्रोफेनसारखी औषधं ते तयार होणंच रोखतात. मी गोळी घ्यायचे ती कळांनी दुमडून पडल्यावर, आणि वर 'गोळीने काही होत नाही' म्हणायचे.

इव्हिनिंग प्रिमरोझची बाटली सगळ्यांत देखणी. पाळीआधीच्या त्रासावर नीट आखलेल्या चाचण्यांत उपयोग दिसला नाही, असं १९९६ चाच आढावा सांगतो. ती बाटली गेली.

ब्लॅक कोहोश खरं तर ताईची. ती रजोनिवृत्तीच्या उंबरठ्यावर, अंगातून वाफा निघायच्या, आणि हार्मोन्स घ्यायची तिला भीती. २००२ मध्ये अमेरिकेतला हार्मोन उपचारांचा मोठा अभ्यास मध्येच थांबवला गेला, तेव्हा ही भीती जगभर पसरली आणि असंख्य स्त्रिया वनस्पतींकडे वळल्या. "वाचतेच आहेस तर माझंही बघ," ती म्हणाली. २००६ चा एक वर्षाचा अभ्यास, ३५१ स्त्रिया: ब्लॅक कोहोश प्लासिबोपेक्षा सरस ठरलं नाही, हार्मोन्स ठरले. २०१२ च्या कॉक्रेन आढाव्यात १६ चाचण्या आणि २०२७ स्त्रिया, तरी बाजूने ठाम काही नाही. हॉट फ्लॅशेसवरच्या, म्हणजे याच वाफांवरच्या, एका जुन्या आढाव्यात तर बिनऔषधाच्या गोळीनेच ते सरासरी ५८ टक्क्यांनी कमी झालेले. वर यकृताला इजा झाल्याच्या तुरळक नोंदी. आणि बाजारातली ३६ उत्पादनं डीएनएवरून तपासली तेव्हा ९ मध्ये ब्लॅक कोहोशऐवजी तिच्या आशियाई जातभाई निघाल्या.

ताई म्हणाली, "पण मला बरं वाटत होतं गं." वाटत होतंच. मी वाद घातला नाही. डॉक्टरांना हे घेतेस म्हणून सांग, एवढंच म्हटलं. तिने ते लपवून ठेवलं होतं.

खरा घाम फुटला तो पाचव्या बाटलीने. मूडच्या मिश्रणात तिसरं नाव होतं हायपेरिकम परफोरॅटम, म्हणजे सेंट जॉन्स वर्ट. ही वनस्पती यकृतातली विकरं (एन्झाइम्स) अशी जागी करते की गर्भनिरोधक गोळ्यांमधले हार्मोन्स शरीर वेगाने मोडून टाकतं. गोळ्यांचा भरवसा कमी होतो, मधेच रक्तस्राव दिसू शकतो. मी गोळ्या घेत नव्हते. पण हे मिश्रण मला देणारी मैत्रीण घेत होती, आणि दोन महिने पाळीशिवायचे डाग दिसतात म्हणून कुरकुरतही होती. रात्री साडेअकराला फोन केला. "अगं, ते नॅचरल आहे," ती म्हणाली. सकाळी मात्र डॉक्टरांकडे गेली, आणि त्यांनी ते त्याच दिवशी बंद करायला लावलं.

या सगळ्या वाचनात एक साधी गोष्ट माझ्या नजरेतून निसटत होती. पाळीआधीच्या त्रासाचं निदान पक्कं करायचं तर औषध सुरू होण्याआधी किमान दोन पाळ्या रोजच्या रोज नोंद लागते. आठवून नव्हे, त्या त्या दिवशी. मी ते कधीच केलं नव्हतं. वही घेतली. रोज रात्री प्रत्येक तक्रारीपुढे १ ते ६ पैकी आकडा. १ म्हणजे अजिबात नाही, ६ म्हणजे पराकोटीचं. कंटाळवाणं काम. चार दिवस बुडाले, ते कोरेच ठेवले.

दोन महिन्यांनी वही नव्या डॉक्टरांसमोर ठेवली. त्यांनी पानं उलटली आणि पहिलाच प्रश्न विचारला: "डोकं तर तुमचं महिनाभर दुखतंय की?" दुखत होतं. मी सगळं पाळीच्या खात्यावर मांडत होते. डोकेदुखी चष्म्याच्या बदललेल्या नंबराची निघाली. पाळीशी चोख जुळणाऱ्या दोनच गोष्टी उरल्या: शेवटच्या पाच-सहा दिवसांची चिडचिड आणि स्तनांचं दुखणं.

दिवस राहण्याचा विचार नाही, दुसरं कुठलं औषध चालू नाही, हे विचारून घेऊन त्यांनी व्हायटेक्सचा प्रमाणित अर्क तीन पाळ्या घेऊन बघायला हरकत घेतली नाही. अट एकच, वही चालू ठेवायची. स्तनांच्या दुखण्याचा आकडा पाचवरून तिसऱ्या महिन्यात तीनवर आला. चिडचिड चारवर बसली ती तिथेच. चौथ्या महिन्यात गोळी बंद केली. दुखण्याचा आकडा: तीन.

"आता याचा अर्थ काय लावायचा?" मी विचारलं.

"अजून दोन महिने लिहा," त्या म्हणाल्या.

बाटलीत नऊ गोळ्या शिल्लक आहेत. वहीत आज एकविसावा दिवस.