समुद्रकिनारी सुट्टी आणि गाडीचं चार्जिंग: अ‍ॅम्पिअर कमी, तास जास्त

किनाऱ्यावरच्या सुट्टीत विजेची गाडी चालते कमी आणि उभी राहते फार. चार्जिंगचा हिशेब इथूनच मांडावा. २३० व्होल्टच्या सॉकेटातून १० अ‍ॅम्पिअर घेतले तर २.३ किलोवॉट मिळतात, म्हणजे दहा तासांत २३ युनिट. त्यातले तीनेक युनिट उष्णतेत आणि गाडीच्या स्वतःच्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये जातात. उरलेल्या विसात, १०० किलोमीटरला १५ युनिट खाणारी गाडी एकशेतीस किलोमीटर जाते. करंट ८ अ‍ॅम्पिअरवर आणला तरी तेवढ्याच वेळात शंभराच्या आसपास किलोमीटर पदरात पडतात. मुक्कामावर रोज याहून जास्त लागतं कुणाला? म्हणून तिथे फास्ट चार्जर शोधत फिरू नये. एक भरवशाचं सॉकेट शोधावं आणि त्याच्याकडून कमी करंट, जास्त वेळ घ्यावा.

भरवशाचं सॉकेट ओळखायचं कसं? प्लग घट्ट बसायला हवा. स्वतःच्या वजनाने खाली झुकत असेल, भोकांभोवतीचं प्लास्टिक पिवळट-तपकिरी झालं असेल, जळका वास येत असेल, तर दुसरं सॉकेट बघा. किनाऱ्यावर खाऱ्या हवेने आतली पितळी पट्टी काळवंडते, तांब्याच्या तारेवर हिरवट थर चढतो आणि सांध्याचा रोध वाढतो. रोध ०.१ ओहम झाला तरी १५ अ‍ॅम्पिअरला त्या एका ठिकाणी साडेबावीस वॉट उष्णता तयार होते. प्लगच्या पिनेला तासन् तास छोटं सोल्डरिंग आयर्न टेकवून ठेवल्यासारखंच हे. तोच सांधा १० अ‍ॅम्पिअरला १० वॉट तापतो, ८ ला साडेसहाच्या खाली. उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणून थोडा करंट कमी केला की फरक मोठा पडतो.

आणि इथे एमसीबी, म्हणजे करंट फार वाढला की वीज तोडणारी कळ, वाचवत नाही. तिला फक्त करंट दिसतो आणि तो तर नेहमीएवढाच असतो. सांधा वितळत असला तरी ती चालूच राहते. त्यामुळे चार्जिंग सुरू केल्यावर अर्ध्या तासाने आणि मग दोन तासांनी प्लगला हात लावून बघायचाच. कोमट असेल तर चालेल. हात ठेववत नसेल तर चार्जिंग बंद करा, करंट उतरवा किंवा सॉकेट बदला. करंट काही गाड्यांत पडद्यावरून बदलतो, काहींत केबलवरच्या चार्जरच्या डब्यावरच्या बटणाने. वीज जाऊन परत आली की काही गाड्या पुन्हा पूर्ण करंटवर जातात, म्हणून दोन्ही सोयी असतील तर डब्यावरच कमी करून ठेवावा. तंबूंच्या तळावर निळा, गोल, तीन पिनांचा औद्योगिक सॉकेट मिळाला तर तोच घ्या. तो बराच वेळ चालणाऱ्या भारासाठी बनवलेला असतो. मात्र त्याच्यामागची एमसीबी कितीची आहे ते आधी विचारा. सॉकेट १६ अ‍ॅम्पिअरचं आणि एमसीबी ६ किंवा १० ची, असं पुष्कळदा असतं.

एक्स्टेंशन टाळता आलं तर उत्तम. टाळता येत नसेल तर किमान २.५ चौरस मिलीमीटरची तांब्याची तीन तारांची केबल हवी, मध्ये एकही जोड नको. ३० मीटरच्या १.५ चौरस मिलीमीटर केबलमध्ये जाऊन-येऊन साधारण ०.७ ओहम रोध असतो: १० अ‍ॅम्पिअरला ७ व्होल्ट पडतात आणि ७० वॉट उष्णता होते, १५ अ‍ॅम्पिअरला ही उष्णता दीडशे वॉटच्या वर जाते. पसरलेल्या केबलला ती हवेत टाकता येते. रिळावर गुंडाळलेली असेल तर सगळी आतल्या वेढ्यांत कोंडते आणि इन्सुलेशन मऊ पडून तारा एकमेकींना चिकटतात. चार मीटर लागत असले तरी रीळ पूर्ण उलगडा. चार्जरचा डबा हुकाला टांगा, म्हणजे त्याचं वजन प्लगवर येत नाही.

वेळेचंही एक उलटं गणित आहे. घरी रात्री चार्जिंग करायची सवय असते, पण सुट्टीच्या ठिकाणी रात्री सगळ्या खोल्यांचे एसी एकदम चालू असतात. मुख्य एमसीबी पडायची तर तेव्हाच पडते. माणसं दिवसा पाण्यावर गेली की इमारत रिकामी आणि भार सगळ्यात कमी. शक्य असेल तर गाडी दिवसा, सावलीत, चार्जिंगला लावा. सकाळी गीझरच्या वेळी बंद ठेवा.

चार्जरवर अर्थिंगचा लाल दिवा लागला तर चार्जर बिघडला असं समजू नका. बहुतेक वेळा तो खरं सांगत असतो: अर्थची तार सुटलेली असते, किंवा कोरड्या वाळूत रोवलेल्या अर्थिंगचा रोध फार असतो. वीज जनरेटरवर असेल तर आणखी एक कारण संभवतं. लहान जनरेटरमध्ये न्यूट्रल, म्हणजे करंट परत नेणारी तार, अर्थला जोडलेली नसते. चार्जरला अर्थचा संदर्भ सापडत नाही आणि तो नकार देतो. मुख्य वीज येईपर्यंत थांबावं. ही तपासणी चुकवणारे अ‍ॅडॉप्टर मिळतात, ते कधीही वापरू नयेत. गाडी रबरी टायरांवर उभी असते. बिघाडात पत्र्यात वीज उतरली तर तिला जमिनीत जायला वाट नसते. ओल्या अंगाने, अनवाणी, ओल्या वाळूतून आलेला माणूस दाराला हात लावतो आणि ती वाट तोच होतो.

आता मीठ आणि वाळू. मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं; आर्द्रता ७५ टक्क्यांवर गेली की ते चक्क विरघळतं आणि पिनांमध्ये वीज वाहणारा पातळ थर बनतो. पहाटे ३० मिलिअ‍ॅम्पिअरची आरसीसीबी (वीज गळाली की ती तोडणारी कळ) विनाकारण पडते असं वाटतं, त्याचं कारण बहुधा बाहेरच्या सॉकेटातला हा थर असतो. वीज बंद करून, प्लग काढून, पिना गोड्या पाण्याने किंचित ओलसर केलेल्या फडक्याने पुसा आणि पूर्ण सुकू द्या. सॉकेटाच्या आत मात्र फडकं घालू नका.

वाळूचं नुकसान उशिरा दिसतं. वाळूतलं क्वार्ट्झ चांदीपेक्षा कितीतरी कठीण, आणि चार्जिंगच्या पिनांवर मुलामा बहुधा चांदीचाच असतो. वाळूसकट गन (केबलचं गाडीत घालायचं टोक) आत-बाहेर केली की तो खरवडतो, खालचं तांबं उघडं पडून गंजतं, आणि मग गाडी गरम पिनांमुळे स्वतःच करंट कमी करायला लागते. गन जमिनीवर ठेवू नका, टोपी लावून टांगा. वाळू गेलीच तर कोरडा मऊ ब्रश आणि हातपंपाची हवा पुरते. तेल, ग्रीस, गंज काढायचे फवारे यांतलं काहीही नको, कारण त्यांवर वाळू आणखी चिकटते. कुलुपाच्या खिळीत वाळू अडकून गन सुटेनाशी झाली तर ओढू नका. चार्जिंग थांबवा, गन आधी किंचित आत दाबा, म्हणजे खिळीवरचा ताण जातो, आणि मग गाडी पुन्हा अनलॉक करा. तरीही नाही सुटली तर बऱ्याच गाड्यांत डिकीच्या बाजूच्या आच्छादनामागे किंवा बॉनेटखाली हाताने सोडवायची दोरी असते. ती कुठे आहे ते निघण्यापूर्वीच पुस्तिकेत पाहून ठेवावं.

पावसात गाडीकडची बाजू सुरक्षित असते. भिंतीकडचा साधा प्लग नसतो. तो छपराखाली हवा, आणि केबल त्याच्याखाली झोळासारखी लोंबती ठेवा, म्हणजे थेंब प्लगकडे न जाता खालच्या वळणावरून गळतात.

मुक्कामात बॅटरी ५० ते ७० टक्क्यांत राहिली की पुरे. निकेल असलेली बॅटरी भर उन्हात आठवडाभर १०० टक्क्यांवर ठेवणं तिच्या आयुष्याला सगळ्यात वाईट. पूर्ण भरायची असेल तर निघण्याच्या आदल्या रात्री, पहाटे संपेल अशा बेताने. लोहफॉस्फेट बॅटरी अधूनमधून १०० टक्के करावी लागते, तीही याच रात्री करा. गाडीचे पहाऱ्याचे कॅमेरे बंद करा; दोनशे वॉट धरले तर दिवसाला जवळजवळ पाच युनिट नुसते उभ्या उभ्या जातात.

गाडी ओल्या वाळूत भरतीच्या रेषेखाली उभी करू नका. खारं पाणी बॅटरीत शिरलं तर आतल्या आत शॉर्टसर्किट होतं आणि आग लगेच लागेलच असं नाही, काही दिवसांनी, काही आठवड्यांनीही लागू शकते. २०२२ मध्ये इयन चक्रीवादळानंतर फ्लोरिडात पुराच्या खाऱ्या पाण्यात बुडालेल्या विजेच्या गाड्या अशाच पेटल्या. तळापर्यंत पाणी चढलेली गाडी सुरू करू नका, चार्जिंगला तर मुळीच लावू नका. टो करून उघड्यावर, इमारती आणि इतर गाड्यांपासून किमान १५ मीटर दूर ठेवा, आणि नेणाऱ्याला ती खाऱ्या पाण्यात होती हे आधीच सांगा.