पाचपर्यंतची मोजणी

जुलै, भातलावणीचे दिवस. कोकणातल्या आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात पहाटे साडेपाचला एक आई १२ वर्षांच्या मुलाला घेऊन आली. पोटात कळा, दोन उलट्या. "रात्री शिळं खाल्लंन, साहेब."

पोट दाबून पाहिलं. मऊ. पोर कळवळतंय आणि हाताला काहीच लागत नाही, हे खटकलं. मग चेहऱ्याकडे नीट पाहिलं. पापण्या अर्ध्या मिटलेल्या. "झोप झाली नाही त्याची," आई म्हणाली. पण झोपाळलेलं पोर कपाळाला आठ्या घालून पापण्या उचलायला धडपडत नाही. हा धडपडत होता.

"रात्री झोपला कुठे?"

"खाली, जमिनीवर."

मण्यार! अंगभर शोधूनही दाताची खूण मिळाली नाही. मण्यारीच्या दंशात ती बरेचदा मिळत नाही, सूजही नसते. श्वासाची ताकद कळावी म्हणून एका श्वासात आकडे म्हणायला लावले, १८ पर्यंत गेला. सापाच्या लसीच्या १० व्हायल सलाईनमधून सुरू केल्या, लसीची रिॲक्शन आली तर हाताशी असावं म्हणून शेजारी ॲड्रेनलिन भरून ठेवलं. पाऊण तासाने पुन्हा मोजायला लावलं, ७ वर थांबला. उशीवरून मानही उचलेना.

पहिल्या वर्षी फिजिऑलॉजीत नस आणि स्नायू जिथे भेटतात त्या जागेची आकृती घोटली होती. मण्यारीचं विष तिथे नसेचं टोकच निकामी करतं. लस रक्तातलं विष मारते, पण झालेली इजा भरून यायला दिवस लागतात. तोवर श्वास आपण द्यायचा.

१०८ मध्ये बसलो तेव्हा त्याचा श्वास थांबत आला होता. अंगठा आणि तर्जनीने मास्क नाकातोंडावर घट्ट, उरलेली तीन बोटं जबड्याच्या हाडाखाली, जबडा वर. बोटं मऊ भागावर गेली की घशाची वाट दबते. इंटर्न आला की मी पहिल्याच दिवशी त्याला हे करायला लावतो. लय चुकू नये म्हणून मोठ्याने मोजत होतो, दर पाचला ॲम्बू बॅग, म्हणजे मास्कला जोडलेली हवेची पिशवी, दाबायची. प्रत्येक दाबाला छाती वर येते का, तेवढंच बघायचं.

पोर लाकडासारखं निपचित. आईने हंबरडा फोडला. म्हटलं, "ताई, त्याला सगळं ऐकू येतंय. बोला त्याच्याशी." डोळे पुसून ती त्याला लावणीचं सांगू लागली, कुठली खाचरं झाली, कुठली राहिली.

पन्नास मिनिटांनी जिल्हा रुग्णालयात व्हेंटिलेटर मिळाला. पाचव्या दिवशी नळी निघाली. भेटायला गेलो तेव्हा आवाज घोगरा होता.

"डॉक्टर, गाडीत तुम्ही सारखं पाचपर्यंतच का मोजत होता?"