गाणं दोन्ही कानांत नीट वाजतं, मग पावलांची बाजू का कळत नाही?

‘दोष आढळला नाही.’ इअरबडच्या सर्व्हिस सेंटरकडून जॉबशीटवर हे वाक्य तिसऱ्यांदा लिहून मिळालं, त्या दिवशी वाशीच्या सेक्टर १७ मधून स्टेशनपर्यंत मी रागाने चालत आलो. रिक्षा करायचंही सुचलं नाही.

बीजीएमआय हा मोबाइलवरचा लढाईचा गेम २०२१ मध्ये आला, तेव्हापासून आमचा स्क्वॉड, म्हणजे चौघांचा संघ आहे. मामेभाऊ ऐरोलीचा, बाकी आम्ही तिघं घणसोलीचे. त्यात माझं काम कानाचं. गेममधल्या घरात शिरलो की समोरच्या संघाचा गडी कुठल्या बाजूने येतोय, जिन्यावर आहे की बाहेर गवतात, हे मी सांगायचं. मिनीमॅपवर, म्हणजे स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या छोट्या नकाशावर, पावलांची खूण उमटते खरी, पण ती बघायला नजर हलवावी लागते. कानाचं तसं नाही, नेम धरलेला असतानाही ऐकू येतं.

दिवाळीत नवे ब्लूटूथ इअरबड घेतले आणि सगळं बिघडलं. मी ‘उजवीकडे’ म्हणायचो आणि गडी डावीकडच्या खिडकीतून मारून जायचा. मामेभाऊ एकदा म्हणालाच, “दादा, अंदाजाने सांगू नकोस रे.” ते फार लागलं.

वॉरंटी होती म्हणून सर्व्हिस सेंटर गाठलं. पहिल्या शनिवारी टोकन घेऊन दोन तास बसलो, मध्ये त्यांची जेवणाची सुट्टी झाली. काउंटरवरच्या मुलाने गाणं लावलं, एकेक बड कानाला लावून बघितला. “दोन्ही चालू आहेत ना, सर?” म्हटलं, गाण्यात चालतात, गेममध्ये बाजू कळत नाही. “गेमचं आम्ही चेक करत नाही.” दुसऱ्या खेपेला आठ दिवस ठेवून घेतले, सॉफ्टवेअर अपडेट करून परत दिले. तिसऱ्या खेपेला मी हात जोडले: दादा, पाच मिनिटं द्या, माझ्याच फोनवर मॅच लावतो, तुम्ही फक्त कानाला लावा. त्याने पुन्हा तेच गाणं लावलं. तीन शनिवार गेले, पण ‘हे नेमकं केव्हा होतं?’ एवढा एक प्रश्न कुणी विचारला नाही. विचारला असता तर तिथल्या तिथे उलगडा झाला असता.

उलगडा झाला तो ठाण्याच्या लोकलमध्ये. गर्दीत बोलायचं नव्हतं, म्हणून माइक बंद ठेवून गेमच्या ट्रेनिंग ग्राउंडमध्ये सरावाला शिरलो. गोळ्यांचा आवाज डावा-उजवा अगदी स्वच्छ! कोपरखैरणेला माइक चालू केला तर आवाज फोनवरच्या बोलण्यासारखा चपटा झाला, दोन्ही कानांत एकसारखा. बंद केला, पुन्हा बाजू कळायला लागल्या. घणसोलीला उतरेपर्यंत मी तेवढंच करत होतो.

ब्लूटूथवर गाण्यासाठी एक पद्धत असते आणि कॉलसाठी दुसरी. इअरबडचा माइक चालू झाला की साधारणपणे फोन कॉलच्या पद्धतीवर जातो, आणि त्यात डावा-उजवा वेगळा उरत नाही. गाणं लावून हे कधीच सापडणार नव्हतं. शिवाय ब्लूटूथवर आवाज थोडा उशिराच पोचतो. जवळच्या मारामारीत तेवढा उशीरही जीव घेतो.

आता वायरचे इअरफोन. फोनला गोल जॅक नाही, म्हणून ठाणे स्टेशनबाहेरून टाइप-सी कनेक्टर आणला, तो मुकाच निघाला. काही फोनना डीएसी (डिजिटल सिग्नलचा इअरफोनसाठी आवाज करणारी चिप) असलेलाच कनेक्टर लागतो, तेव्हा दुकानदाराला ‘डीएसीवाला’ असं स्पष्ट सांगा आणि तिथेच लावून बघा.

बाकी गेमच्या सेटिंगमध्ये संगीत शून्यावर आणा, इफेक्टचा आवाज पूर्ण ठेवा. घराजवळ पोचलात की दोन सेकंद थांबा. आपण पळत असलो की आपल्याच पावलांत दुसऱ्याची बुडतात. आत क्राउच करूनच, म्हणजे वाकूनच हला, कारण समोरचाही कान लावून बसलेला असतो.

आणि हो, हे खरं तर आधी सांगायला हवं होतं: काहीही विकत घेण्यापूर्वी फोनच्या ॲक्सेसिबिलिटीमध्ये ‘मोनो ऑडिओ’ चालू नाही ना, ते बघा. त्यानेही दोन्ही कान एक होतात.

काल गेममधल्या पोचिंकी गावात, दुमजली घरात मी म्हटलं, “डावीकडे, जिन्यावर, एकच आहे.” मामेभावाने न बघता तिकडे ग्रेनेड टाकला.