माझ्या पीएचडीतलं पीएचडी-३

मी पीएचडी करतेय तीही पीएचडी-३ नावाच्या जनुकावर. या विनोदाला आमच्या लॅबमध्ये आता कुणी हसत नाही. या जनुकाच्या कुटुंबातली एन्झाइम्स पेशीतला ऑक्सिजन जोखतात. तो पुरेसा असला की ती हिफ-१ अल्फा (थोडक्यात हिफ) या, ऑक्सिजन कमी पडल्यावर जनुकं चालू करणाऱ्या प्रथिनातल्या ४०२ आणि ५६४ क्रमांकाच्या प्रोलिन या अमिनो आम्लांवर हायड्रॉक्सिल गट बसवतात. ती खूण दिसली की व्हीएचएल नावाचं दुसरं प्रथिन त्याला धरतं आणि काही मिनिटांत हिफचा निकाल लागतो, म्हणजे ते मोडलं जातं. ऑक्सिजन घटला की हिफ टिकून राहतं. केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा यांना २०१९ चं नोबेल मिळालं ते याच उलगड्यासाठी.

माझ्याकडे स्तनाच्या कर्करोगाच्या काही सेल लाइन्स, म्हणजे लॅबमध्ये वाढवत ठेवलेल्या पेशी, होत्या. १ टक्का ऑक्सिजनमध्ये पीएचडी-३ चा आरएनए वाढायला हवा, कारण हिफच त्याला चालू करतं. दोन लाइन्समध्ये तो जागचा हलला नाही. प्रोमोटरवर, म्हणजे जनुक चालू करणाऱ्या डीएनएच्या तुकड्यावर, मिथिलेशन असणार, म्हणजे मिथिल गट चिकटून जनुक गप्प झालेलं असणार, असं मी मनाशी ठरवूनच टाकलं.

ते तपासायला डीएनएला बायसल्फाइट हे रसायन देतात. ते दिलं की डीएनएच्या ए, टी, जी, सी या अक्षरांपैकी साधा सी बदलतो आणि पीसीआरने डीएनएच्या प्रती काढल्यावर टी म्हणून वाचला जातो. मिथिल लागलेला सी तसाच राहतो. दोन्ही लाइन्समध्ये सीच सी! मी उत्साहाने आकृतीसुद्धा काढली. माझ्या गाइड मॅडमनी तिच्याकडे बघितलंही नाही, कच्चा सिक्वेन्स मागितला.

"हा सी बघ. याच्यापुढे जी कुठंय?"

नव्हता. आम्ही शोधत होतो ते मिथिलेशन सीजी जोडीतलं, म्हणजे ज्याच्या लगेच पुढे जी आहे अशा सीवरचं. बाकीचे सी तर झाडून टी व्हायला हवे होते. डीएनए दुपदरी राहिला तर बायसल्फाइटचं काही चालत नाही, आणि माझ्या नमुन्यात प्रथिनं उरली होती. प्रोटिनेज के हे प्रथिनं तोडणारं एन्झाइम घालून पुन्हा पचवलं, डीएनए कमी घेतला. एक लाइन बाद झाली. दुसरीत फक्त सीजीमधले सी उरले.

मग डेसिटाबिन, मिथिलेशन उतरवणारं औषध. पेशी डीएनएची नक्कल करताना ते आत शिरतं, आणि द्रावणात फार टिकत नाही. म्हणून चार दिवस रोज नवं मीडियम, रविवार धरून. पाचव्या दिवशी आरएनए दिसला! हिफचं प्रमाण मात्र ढिम्म. साध्या ऑक्सिजनमध्ये त्याला आवरायचं मुख्य काम पीएचडी-२ चं, आणि ते या लाइनमध्ये ठणठणीत होतं. शिवाय डेसिटाबिन काही एकट्या पीएचडी-३ ला जागं करत नाही.

"मग हे गप्प झाल्याने पेशीचं नेमकं काय बदललं?" मॅडमनी विचारलं. सध्या प्लाझमिडमधून, म्हणजे जनुक वाहून नेणाऱ्या डीएनएच्या छोट्या कड्यातून, एकटं पीएचडी-३ परत घातलंय. पेशी इन्क्युबेटरमध्ये आहेत.