शून्य दाखवणारं मशीन: आमची वाटचाल

आमचं काम सुरू झालं ते दुसऱ्यांची मशीनं दुरुस्त करण्यापासून. मी आणि पार्टनर दोघंच, एक खोली, दोन टेबलं. एका टेबलावर पेशंट मॉनिटर, ऑक्सिमीटर असली बॉडीची मशीनं यायची आणि दुसऱ्यावर गॅस डिटेक्टर. या दोन्हींचा एकमेकांशी काय संबंध असं तेव्हा कोणी विचारलं असतं तर मी म्हणालो असतो की काही नाही, दोन्हींत सेन्सर असतो एवढंच.

एकदा एका कारखान्यातून पाच-सहा गॅस डिटेक्टर कॅलिब्रेशनला, म्हणजे आकडे तपासून जुळवायला आले, त्यातला एक इतका चकाचक की नवाच वाटला. चालू केला, ऑक्सिजन २०.९, बाकी सगळं शून्य, म्हणजे स्वच्छ हवेत जसं यायला पाहिजे अगदी तसं. मग टेस्ट गॅस लावला, अडीच टक्के मिथेन. मिथेन हवेत साधारण ५ टक्क्यांपासून पुढे पेट घेऊ शकतो, त्या ५ ला १०० टक्के एलईएल (पेट घेण्याची खालची मर्यादा) धरतात, म्हणजे स्क्रीनवर ५० यायला पाहिजे होतं. गॅसच्या नळीचा कप सेन्सरवर लावला, नॉब उघडला, सुस्स आवाज चालू, आणि स्क्रीनवर शून्य. अर्धा मिनिट झाला तरी शून्य. कप काढून परत लावला, नळी सुटलीय का बघितलं, शेवटी तोच कप शेजारच्या डिटेक्टरला लावला तर त्याने लगेच बोंब मारली. हा आपला शांत.

फोन केला तर तिथले स्टोअरवाले काका म्हणाले, "अहो मी रोज सकाळी चालू करून बघतो, रजिस्टर आहे माझ्याकडे, सगळं शून्य येतं मग ओके लिहितो." आणि वर कौतुकाने सांगितलं की बाकीचे लोक मशीन कशीही टाकतात, मी मात्र दर आठवड्याला स्प्रे मारून पुसून ठेवतो. कसला स्प्रे विचारलं तर सिलिकॉन पॉलिश!

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, या डिटेक्टरच्या आत जो कॅटॅलिटिक बीड असतो तो म्हणजे प्लॅटिनमच्या केसासारख्या तारेचं वेटोळं आणि त्यावर अ‍ॅल्युमिनाचा बारीकसा मणी, वर कॅटॅलिस्टचा, म्हणजे गॅस जळायला मदत करणाऱ्या पदार्थाचा लेप. तार चांगली चारशे-पाचशे डिग्रीला तापवलेली असते, जळणारा गॅस आला की तो मण्यावरच जळतो, तार अजून तापते, रेझिस्टन्स वाढतो, आणि शेजारी लेप नसलेला दुसरा मणी असतो त्याच्याशी तुलना करून तेवढा फरक मोजायचा. सिलिकॉनची वाफ त्या गरम मण्यावर गेली की वर काचेसारखा थर बसतो आणि कॅटॅलिस्ट झाकला जातो. मणी तापतो, करंट बरोबर, बॅटरी फुल, आणि त्याला काहीच कळत नाही. ते मशीन कमरेला लावून लोक किती महिने टाकीत उतरत होते कोण जाणे, नशीब म्हणायचं.

जुन्या काळी खाणीत कॅनरी पक्षी न्यायचे, जॉन स्कॉट हाल्डेनने १८९० च्या दशकात ते सुचवलं आणि ब्रिटनमधल्या खाणींत १९८६ पर्यंत ते चाललं. लोक ऐकून हसतात, पण त्या बिचाऱ्याचा एक गुण होता, तो मेला की मेलेला दिसायचा. आमच्या मशीनमधला सेन्सर मेला की तब्येत एकदम उत्तम दिसते.

तेव्हापासून डोक्यात बसलं की आपण मशीन करायचं तर असं की ज्याला आपल्याला कळत नाहीये हे तरी कळेल. बोलायला सोपं आहे.

पहिलं जे केलं ते आता दाखवायची लाज वाटते. टिन ऑक्साइडचा सेन्सर, जपानमध्ये तागुची यांनी १९६२ मध्ये शोधलेली पद्धत, स्वस्त आणि दणकट, घरगुती लीकेज अलार्मला मस्त. पण त्याचा हीटर सतत बॅटरी खातो आणि कुठलीही वाफ आली तरी तो वाजतो. डेमोला गेलो, समोर सहा माणसं, मी बोलायला सुरुवात करणार तेवढ्यात एका साहेबांनी हाताला सॅनिटायझर चोळला आणि मशीन जे किंचाळायला लागलं ते थांबेचना. ऑर्डर गेली, आणि बरोबरच गेली, कारण सारखं उगाच वाजणारं मशीन माणूस दुसऱ्या दिवशी बंद करून खिशात टाकतो.

मग इलेक्ट्रोकेमिकलकडे वळलो. कार्बन मोनॉक्साइड म्हणजे सीओ आणि हायड्रोजन सल्फाइड म्हणजे एचटूएस, दोन्हींना हेच वापरतात. छोटीशी डबी, आत अ‍ॅसिड, तीन इलेक्ट्रोड, गॅस आत गेला की एका इलेक्ट्रोडवर रिअ‍ॅक्शन होते आणि गॅसच्या प्रमाणात करंट निघतो. पण तो किती, तर पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत एक भाग गॅस) काही नॅनोअँपिअर. एवढ्याशा करंटला सोल्डरिंगनंतर बोर्डवर राहिलेला फ्लक्ससुद्धा पुरतो, पावसाळी हवा आली की तिथूनच लीकेज चालू आणि मशीन म्हणतं १२ पीपीएम सीओ. आमचे पहिले बोर्ड दुपारी वेगळं आणि रात्री वेगळं बोलायचे, आम्ही सॉफ्टवेअरमध्ये बग शोधत बसलो पंधरा दिवस, शेवटी पार्टनरने वैतागून एक बोर्ड ब्रशने अल्कोहोलमध्ये घासून धुतला आणि प्रॉब्लेम संपला. आजही आमच्याकडे बोर्ड धुवायचं काम सगळ्यात सिनियर मुलीकडे आहे, नवीन पोराकडे नाही.

त्यानंतर एका ठिकाणाहून रोज रात्री तक्रार, सीओचा अलार्म वाजतो, तिथे ना इंजिन ना भट्टी. मी स्वतः जाऊन बसलो. बॅटरी चार्जिंगची खोली होती. लेड-अ‍ॅसिड बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते आणि सीओचा सेन्सर हायड्रोजनला पण करंट देतो. म्हणजे मशीन खोटं बोलत नव्हतं, गॅस होताच, फक्त नाव चुकीचं सांगत होतं. तिथे अलार्म बंद करून द्या असा आग्रह होता, आम्ही म्हटलं आधी पंखा लावा.

पण सगळ्यात जास्त शिकवलं ते एलईएलने. मण्यावर गॅस जळायला ऑक्सिजन लागतो, बरोबर? बंद टाकीत नुसता गंज चढला तरी ऑक्सिजन कमी होतो, कोणी नायट्रोजन सोडून ठेवला असेल तर अजूनच कमी. ऑक्सिजन साधारण १०-१२ टक्क्यांखाली गेला की टाकीत गॅस भरलेला असला तरी मणी नीट जळवू शकत नाही आणि आकडा कमी दाखवतो. आणि दुसरी गंमत म्हणजे गॅस खूपच जास्त झाला, हवाच उरली नाही, तर आकडा सर्रकन वर जाऊन परत खाली येतो, ज्याचं लक्ष एक सेकंद दुसरीकडे गेलं त्याला वाटणार सगळं क्लिअर. म्हणून आमच्या मशीनमध्ये दोन गोष्टी घातल्या, ऑक्सिजन कमी असला की एलईएलच्या जागी आकडा नाही, नुसते डॅश आणि अलार्म, आणि एकदा आकडा वरच्या टोकाला गेला की स्वच्छ हवेत आणून रीसेट केल्याशिवाय तो खाली येत नाही. अशा डॅशवरून पुढे किती बोलणी खाल्ली ते येतंच आहे.

बॉडीचं टेबल मधल्या काळात धूळ खात होतं. मग एका गिऱ्हाइकाने विचारलं की गॅस कळतो ते ठीक, पण आत गेलेला माणूस उभा आहे का पडला हे वरच्याला कसं कळणार? कारण होतं काय, एक पडला की दुसरा काही विचार न करता त्याला काढायला उतरतो आणि तोही पडतो. एचटूएसला तर सडक्या अंड्याचा वास येतो म्हणून लोकांना वाटतं नाकाला कळेल, पण १०० पीपीएमच्या आसपास थोड्याच वेळात नाकच बधिर होतं, वास गेला म्हणजे गॅस गेला असं वाटतं. तर पडलेला माणूस ओळखणं सोपं होतं, मोशन सेन्सर घातला, अमुक सेकंद हालचाल नाही की आधी हळू व्हायब्रेशन, बटण दाबलं नाही की वर अलार्म. मग मनगटाचा बँड केला, हिरव्या लाइटने नाडी मोजणारा. शिडी चढताना नाडी १०४, उतरताना ९६, आम्ही खूश, आणि मग लक्षात आलं की पोरगा मिनिटाला १०४ पावलंच टाकत होता. हात हलला की रक्तापेक्षा हाताचा सिग्नल मोठा, अल्गोरिदमने आपली पावलं धरली.

खरा वाद झाला एसपीओटूवरून, म्हणजे बोटाला क्लिप लावून जो ऑक्सिजनचा आकडा येतो तो. मोठी ऑर्डर होती, त्यांना बँडवर हा आकडा पाहिजेच होता, कशाला तर सीओची विषबाधा लवकर कळावी म्हणून. माझं जुनं टेबल इथे कामाला आलं. पल्स ऑक्सिमीटर, ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये ज्याचं तत्त्व मांडलं ते, दोन रंगांच्या प्रकाशावर चालतं, बहुतेक मशीनांत ६६० नॅनोमीटरचा लाल आणि ९४० चा इन्फ्रारेड. रक्तातलं हिमोग्लोबिन सीओला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून जास्त घट्ट धरतं, आणि सीओ धरलेलं हिमोग्लोबिन त्या लाल प्रकाशात जवळपास ऑक्सिजनवाल्यासारखंच दिसतं. म्हणजे माणूस सीओने बेशुद्ध पडत असेल आणि क्लिपवर ९८ दिसेल. मला एकदम काकांचं रजिस्टर आठवलं. तिथला शून्य आणि इथला ९८, दोन्ही दिसायला किती छान!

मी मीटिंगमध्ये हे सांगितलं, वर हेही सांगितलं की २०२० मध्ये अमेरिकेतल्या पेशंटवरचा अभ्यास आलाय, त्यात काळ्या त्वचेच्या पेशंटमध्ये ऑक्सिमीटरला न कळलेली ऑक्सिजनची कमतरता गोऱ्यांपेक्षा जवळजवळ तिप्पट वेळा निघाली, तर त्वचेचा रंग हाही विषय आहे. समोरचे म्हणाले, "साहेब, दुसऱ्या कंपनीचा बँड कायम आकडा दाखवतो, तुमचा मधेच डॅश दाखवतो, आमचे लोक म्हणतात हा खराब आहे." ऑर्डर गेली. पार्टनर दोन दिवस माझ्याशी बोलला नाही, त्याचंही चूक नव्हतं, पगार द्यायचे होते. एसपीओटू आम्ही शेवटी बँडमधून काढूनच टाकला, नाडी ठेवली, आणि सीओ हवेतच मोजायचा हे पक्कं केलं.

आता आमचा स्वतःचा पराक्रम. स्फोटक गॅसच्या ठिकाणी न्यायचं मशीन म्हणजे आयईसी ६००७९ या आंतरराष्ट्रीय स्टँडर्डच्या नियमात बसवायला लागतं, स्पार्क पडता कामा नये, कुठलाही पार्ट जास्त तापता कामा नये, त्यासाठी बॅटरीचा सर्किट वगैरे परत डिझाइन केला. त्याच वेळी केस पाणी-धूळ आत जाऊ नये म्हणून नवीन सीलंट आणला. सहा आठवड्यांनी एका लॉटचे एलईएल आकडे ढेपाळायला लागले, ५० च्या जागी ३८, मग ३१. सीओ ठीक, एचटूएस ठीक, फक्त मणी. सप्लायरवर संशय, गॅस सिलिंडरवर संशय, मी तर कॅलिब्रेशनवाल्या पोरावर पण चिडलो. एका सकाळी कपाट उघडलं आणि व्हिनेगरसारखा वास आला. सिलिकॉन सीलंट वाळताना असा वास येतो. आम्ही तो लावून, झाकण बंद करून, सेन्सरसकट कपाटात वाळत ठेवत होतो! काका निदान बाहेरून स्प्रे मारत होते. अख्खा लॉट परत घेतला, बीड बदलले, पोराला सॉरी म्हटलं, आणि आता आमच्या असेंब्लीच्या खोलीत सिलिकॉन असलेलं हँड क्रीमसुद्धा आणायला बंदी आहे.

त्यातून आला आमचा डॉक. मशीन रोज सकाळी त्यात ठेवायचं, डॉक स्वतः थोडा टेस्ट गॅस सोडतो, चारही सेन्सर वेळेत बोलले तरच हिरवा लाइट, याला बंप टेस्ट म्हणतात, नाहीतर स्क्रीनवर आकडेच येत नाहीत. लोकांना आवडला नाही. काही जण अजून लायटरचा गॅस तोंडाशी सोडून बघतात, वाजलं की चालू आहे म्हणतात, अरे बाबांनो तो गॅस इतका एकदम जास्त जातो की बीड त्यानेच खराब होऊ शकतो, आणि ऑक्सिजन, सीओ, एचटूएस यांचं काय?

आता आम्ही नऊ जण आहोत, आणि टेबलावर इन्फ्रारेडवाला एलईएल आहे. मिथेन ३.३ मायक्रॉनच्या आसपासचा प्रकाश शोषतो, तेच मोजायचं, जळण्याचा प्रश्न नाही म्हणजे ऑक्सिजन नको आणि सिलिकॉनचीही भीती नाही. पण त्याला हायड्रोजन अजिबात दिसत नाही, त्यामुळे बॅटरीच्या खोलीत तो शून्यच म्हणणार, म्हणून शेजारी जुना बीड ठेवावाच लागतोय. शिवाय गार जागेतून एकदम दमट टाकीत गेलं की आतल्या काचेवर धुकं धरतं आणि मशीनला वाटतं गॅस आला. छोटा हीटर लावला तर धुकं जातं पण पूर्ण शिफ्ट चालणारी बॅटरी शिफ्ट संपायच्या आधी मान टाकते, आणि बॅटरी मोठी केली तर सर्टिफिकेशनचे सगळे कागद पहिल्यापासून. पार्टनर म्हणतो हीटर फक्त धुकं आल्यावर चालू करू, मी म्हणतो धुकं आलं हे कळेपर्यंत चुकीचा आकडा जातो त्याचं काय. परवा यावरून रात्री साडेदहापर्यंत भांडलो. तोपर्यंत सॉफ्टवेअरवाल्या मुलीने मधला मार्ग काढलाय, काच स्वच्छ होईपर्यंत डॅश.