ओल्या फडक्यातले मूग

११ नोव्हेंबर, सोमवार

आज सकाळी स्वतःसाठी गॅस पेटवला नाही. ह्यांचा आणि आत्याबाईंचा, म्हणजे सासूबाईंचा, चहा केला, पोराचा डबा भरला आणि मी रात्री भिजवलेले शेंगदाणे, एक पेरू आणि मुळ्याच्या चकत्या घेऊन बसले. दिवाळीनंतर सुरू करायचं ठरवलं होतं, आज केलं.

ऑक्टोबरात रक्त तपासलं तेव्हा तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा ६.२ आला. ५.७ च्या खाली असता तर काळजी नव्हती, ६.५ असता तर मधुमेहच म्हणाले असते. मी उंबऱ्यावर उभी आहे. माझे अण्णा ह्याच आजारानं गेले. शेवटचे आठ महिने त्यांच्या पायाची जखम मी माझ्या हातानं धुतली आहे. त्यामुळे कागदावरचा तो आकडा बघून मला पहिल्यांदा डेटॉलचा वास आला.

संक्रांतीपर्यंत शिजवलेलं काही खायचं नाही. फळं, पालेभाज्या, मोड, भिजवलेले दाणे, खोबरं, तीळ. खाईन तर तुपाशी, असा माझा स्वभाव. अर्धवट काही जमत नाही मला.

रात्री सगळ्यांच्या भाकरी मीच थापल्या. तव्यावर भाकरी फुगली, पापुद्रा सुटला, त्यातून वाफ आली, आणि तो वास नाकात शिरल्यावर हात क्षणभर थांबला. आत्याबाई पाटावर बसून बघत होत्या. म्हणाल्या, "बहात्तरच्या दुष्काळात आम्ही खडी फोडायच्या कामावर सुकडी खाऊन दिवस काढलेत गं. घरात दाणा नव्हता. तू भरल्या घरात उपाशी का राहायलीस?"

उपाशी नाही हो, म्हटलं. पण खरं उत्तर देता आलं नाही. ज्या बाईनं लाल मिलोची, त्या दुष्काळातल्या परदेशी ज्वारीची, भाकरी पोरांना वाटून स्वतः पाणी प्यायलं, तिला मी गरम भाकरी नको म्हणतेय. तिच्या मनाला ते कसं लागत असेल, हे मला सकाळी सुचायला हवं होतं.

१५ नोव्हेंबर

डोकं सलग तीन दिवस ठणकतंय. चहा सुटल्यामुळे असणार. थंडी वाजते. शाळेत डबा उघडला की सगळे बघतात. एक जण म्हणाले, "मॅडम, शेळीच्या वाट्याचं खायला लागलात की." हसले सगळे. मला बोचलं. मधल्या सुट्टीनंतर शेजारच्या वर्गावरच्या बाईंनी हळूच एक पेरू टेबलावर ठेवला, "झाडाचा आहे, घरचा." एवढंच. आज मला तेवढंच पुरलं.

२१ नोव्हेंबर

काल मतदानाची ड्युटी. आदल्या रात्रीच गावातल्या शाळेत मुक्काम. माझ्या पिशवीतले दाणे आणि गाजरं सकाळी दहालाच संपली, आणि बाहेर फक्त पोहे आणि चहा. अंगणवाडीच्या मदतनीस ताईंनी विचारलं, "मॅडम, तुम्ही काहीच का घेतलं नाही?" सांगितलं. त्यांनी ना डोळे मोठे केले, ना सल्ला दिला. दुपारी त्या परत आल्या तेव्हा ओच्यात वेलावरची शेवटची दोन वाळकं आणि मूठभर बोरं होती. वाळूक बुक्कीनं फोडलं आणि मिठाच्या खड्याबरोबर आम्ही दोघींनी खोलीच्या पायरीवर बसून खाल्लं. मी नाव विचारायची विसरले. ते मनाला लागून राहिलंय.

२४ नोव्हेंबर, रविवार

लातूरच्या बाजारात, गंजगोलाईत, भाजीला गेले. तिथे १६ रस्ते येऊन मिळतात आणि मधे अंबाबाईचं देऊळ. लहानपणी मी तिथे हमखास हरवायची. माझी ठरलेली मावशी कोपऱ्यावर बसते. आठ दिवसांत माझी पालेभाजी दुप्पट झाल्याचं तिच्या लक्षात आलं होतं. "पाहुणे आलेत का?" "नाही मावशी, मी कच्चं खाते." ती म्हणाली, "मग हे कशाला नेतीस?" आणि माझ्या पिशवीतली मेथीची मोठी जुडी काढून बाजूला ठेवली. त्याऐवजी कोवळी, बोटभर उंचीची मेथी दिली, पातीचा कांदा दिला, आणि एका कागदात पाथरी बांधून दिली. पाथरी! रानात खुरपताना बाया भाकरीबरोबर तशीच खातात ती. वीस वर्षं तिची चव तोंडाला नव्हती. जरा कडवट आणि मागून थंडगार.

मला वाटत होतं की कच्चं खाणं म्हणजे मोबाईलमधलं, मोठ्या शहरातलं, महागड्या बियांचं आणि परदेशी फळांचं. आणि इथे शेताच्या बांधावर ते आधीपासून होतं. घोळ, पाथरी, करडईचा कोवळा पाला, हरभऱ्याचे ढाळे, मुळा, काकडी, बोरं. आपण त्याला आहार म्हटलं नाही, इतकंच.

२८ नोव्हेंबर

पोट बिघडलं. दोन दिवस शाळेत गेले नाही. मटकीचे मोड जास्त झाले होते, आणि खरं सांगायचं तर ते किंचित चिकट लागत होते, आंबूस वास येत होता, तरी टाकवले नाहीत म्हणून खाल्ले.

डॉक्टरीणबाईंकडे गेले. मला वाटलं झापतील. त्यांनी खुर्ची जवळ ओढली आणि कागद घेतला. मोड येतात त्या ओलसर उबेत जंतूही वाढतात, म्हणाल्या. मोड धुवा, ताजेच खा, आणि पोट नाजूक असेल तेव्हा वाफवून घ्या. राजमा कच्चा किंवा अर्धाकच्चा कधीच नाही, त्यात विषारी घटक असतो आणि तो नीट उकळल्याशिवाय जात नाही. कच्चं दूध अजिबात नको. बी-१२ वनस्पतीत मिळत नाही, तेव्हा ताक-दही सोडू नका, आणि तपासून घ्या.

मी विचारलं, शिजवल्यानं सगळं सत्त्व जातं ना? त्या म्हणाल्या, "सगळं नाही. क जीवनसत्त्व उष्णतेनं बरंच जातं, म्हणून पेरू, लिंबू, कोथिंबीर कच्ची खा, उत्तम. पण टोमॅटोतला लाल रंगाचा घटक शिजवल्यावर जास्त अंगी लागतो. गाजराचंही तसंच, थोडं तेल-तूप असलं की आणखी चांगलं." अन्नातले एन्झाइम शिजवल्यावर मरतात आणि म्हणून कच्चं खावं, हे मी कुठेतरी ऐकलं होतं, तेही विचारलं. त्यांनी सांगितलं की ती प्रथिनंच असतात, पोटात गेल्यावर बहुतेक पचून जातात. आपलं शरीर आपले एन्झाइम स्वतः बनवतं.

निघताना म्हणाल्या, "साखर कमी व्हायची असेल तर ती चहातली साखर, फरसाण आणि बिस्किटं गेल्यानं होईल. भाकरीनं तुमचं काही वाकडं केलेलं नाही."

घरी येऊन हे वाक्य इथे लिहिलं आणि बराच वेळ बघत बसले. मला राग आला होता आधी. एवढे अठरा दिवस मी काढले ते कशासाठी, असं वाटलं. मग अण्णांच्या जुन्या पुस्तकांत शोधून बघितलं. गांधीजींनीही १९२९ साली साबरमतीला न शिजवलेल्या अन्नाचा प्रयोग केला होता, त्याबद्दल 'यंग इंडिया'त लिहिलंही होतं. काही महिन्यांत पोट बिघडलं आणि त्यांनी तो थांबवला, आणि थांबवल्याचंही मोकळेपणानं सांगितलं. तेच गांधीजी १९४६ मध्ये उरुळी कांचनला निसर्गोपचार सुरू करतात. म्हणजे एक वाट बंद झाली म्हणून त्यांनी चालणं सोडलं नव्हतं. मला धीर आला.

८ डिसेंबर, रविवार

आजची गोष्ट सविस्तर लिहून ठेवते, कारण ती कुणाच्या तरी जिवावर बेतली असती.

मूग, मटकी, हरभरा झाले. मनात आलं, घरात पोतंभर शाळू आहे, त्याला मोड आणले तर? आपल्या मातीचं धान्य. परवा रात्री दोन वाट्या ज्वारी भिजवली, काल फडक्यात बांधली. आज सकाळी गाठोडं सोडलं तर पांढरे, टोकदार मोड, काहींना हिरवट पोंगा फुटलेला. फार सुंदर दिसत होते. ताटलीत काढले, वर लिंबू पिळलं.

तेवढ्यात औशाकडच्या गावाहून भाऊजी आले, तुरीच्या शेंगांचं पोतं घेऊन. ताटलीकडे बघून त्यांचा चेहराच बदलला. "वहिनी, हे काय आहे? ज्वारीचे मोड? खाल्ले का?" नाही अजून, म्हटलं. त्यांनी ताटली उचलून घेतली. "आम्ही गुडघ्याएवढ्या ज्वारीत जनावराला तोंड घालू देत नाही. पाण्याचा ताण बसलेली असली तर आणखीच वाईट. बाबांच्या वेळचा आपला ढवळ्या बैल तसाच गेला. तासाभरात. पाय झाडत."

आत्याबाई आतून आल्या. त्यांनी ताटली बघितली आणि काही न बोलता कपाळाला हात लावला.

नंतर वाचलं. कोवळ्या ज्वारीत आणि तिच्या मोडांत धुरिन नावाचा घटक असतो, त्यातून सायनाइड तयार होतं. पिकलेल्या दाण्याची भाकरी खाऊन आपण पिढ्या काढल्या, पण त्याच दाण्याला फुटलेला मोड कच्चा खायचा नाही. हे शहाणपण मला कुणी सांगितलं? सातवी शिकलेल्या दिरानं, ज्यांना मी मनातल्या मनात 'ह्यांना काय कळणार माझ्या डाएटमधलं' म्हणत होते. लिहितानाही कान गरम होतायत.

मोड परसात खड्डा करून पुरले. गल्लीतल्या गाईंना मिळू नयेत म्हणून वर दगड ठेवला. भाऊजी जाताना म्हणाले, "तुम्ही खा हो कच्चं. पण काय खायलात ते मला एक फोन करून विचारत जा." आता विचारत जाईन.

१५ डिसेंबर

कच्च्याला पाणी फार लागतं. पालेभाजी तीन पाण्यांतून काढायची, शेवटच्या पाण्यात जरा मीठ, पुन्हा साधं पाणी. आज तिसरं घमेलं ओतताना २०१६ आठवलं. मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी यायचं तेव्हा. आम्ही हंड्यांवर खडूनं तारीख लिहायचो. त्या उन्हाळ्यात मी हा आहार सुरूच करू शकले नसते. कोथिंबीर धुवायची चैनच नव्हती, सगळं उकळून, शिजवूनच खायचं. चूल किती जणांचं रक्षण करते, ते तेव्हा कळलं नव्हतं.

आता भाज्यांचं पाणी बादलीत साठवते आणि कढीपत्त्याला घालते. झाडानं बाळसं धरलंय.

३० डिसेंबर, येळवस

आज येळवस, म्हणजे रानात पूजा करायची वेळा अमावस्या. जिल्ह्याला सुट्टी. लातुरातल्या गल्ल्या ओस, सगळी माणसं रानात. आम्ही आठलाच शेतावर पोचलो. जाऊबाईंच्या डोक्यावर घोंगडीत गुंडाळलेलं आंबिलाचं बिंदगं. कडब्याच्या कोपीत पाच पांडव मांडले, चुना लावला, हळद-कुंकू, नैवेद्य.

मला आठवडाभर ह्याच दिवसाची धास्ती होती. भज्जी, उंडे, खीर, सगळं शिजलेलं. भज्जीत तर रानातलं सगळंच पडतं: ओली तूर, ओला हरभरा, वाटाणा, भुईमूग, चुका, मेथी, वर बेसन आणि आंबिलाचा आंबटपणा. नाही म्हणायचं कसं? त्या रानाचा तो नैवेद्य आहे.

पंगत बसली तेव्हा आत्याबाईंनी माझ्यापुढे वेगळी टोपली ठेवली. हरभऱ्याचे ढाळे, गाजरं, बोरं, पातीचा कांदा, धुतलेली पाथरी, आणि वाटीत ताक. पहाटे स्वतः खुडून आणलं होतं. गुडघे दुखतात त्यांचे, दवात वाकवत नाही. जाऊबाई म्हणाल्या, "माझ्या हातात काही देऊ देत नव्हत्या. म्हणे, तिला काय चालतं ते मला माहीत आहे."

मला पटकन बोलता आलं नाही. ढाळे सोलत बसले. घाट्यावरची ती आंबट-खारी आंब बोटांना लागली, दोन टपोरे हिरवे दाणे तोंडात टाकले. मग मी आपण होऊन पत्रावळ पुढे केली आणि म्हटलं, "आत्याबाई, भज्जी वाढा." त्या म्हणाल्या, "नेम मोडंल की तुझा." म्हटलं, मोडू द्या.

त्यांनी एकच पळी वाढली. वर अर्धा उंडा. मी आधी टोपली संपवली, मग भज्जी. दोन्ही एकाच रानातलं, एकाच पंगतीला. पन्नास दिवसांनी घशाखाली ऊन काहीतरी उतरलं. भाऊजी समोरून बघत होते. त्यांनी मान खाली घालून हळूच खीर खाल्ली.

७ जानेवारी

आता असं चाललंय: सकाळ आणि दुपार कच्चं, रात्री एक भाकरी, भाजी आणि वरण. चहात साखर नाही. डॉक्टरीणबाईंना चालतंय. वजन चार किलोनं उतरलंय, रक्त अजून तपासायचं आहे. सुगडात ह्या वर्षी काय काय घालायचं ते आत्याबाई आत्तापासून सांगतायत: ऊस, गाजर, बोरं, हरभरा, तीळ. सगळं माझ्या कामाचं, म्हणून हसतात.

थंडी वाढलीये. मुगाला उन्हाळ्यात एका रात्रीत मोड येतात, हल्ली दोन-दोन दिवस येत नाहीत. काल बांधलेलं गाठोडं आज सकाळी ओट्यावर नव्हतं. डब्यात बघितलं, पिठाच्या कोठीवर बघितलं, नाही. आत्याबाईंना उठवायला गेले तर त्या वाकळीत जागच्या जागी बसल्या होत्या. वाकळीचा कोपरा उचलून त्यांनी पायाशी दाखवलं. ओल्या फडक्याखाली स्टीलची ताटली, वर दुसरी ताटली झाकलेली, आणि फडक्याच्या विणीतून बाहेर आलेली पांढरी, केसासारखी टोकं.

"फडकं धुतलेलं आहे," त्या म्हणाल्या. "आणि दोन वेळा पाणी बदललं रात्रीतून."