६८ मिमीवरून ३६ वर: किड्यांच्या फोटोंची या हंगामाची नोंद

राखाडी डागाचा अखेर छडा लागला. गेले दोन महिने बहुतेक फोटोंच्या मधोमध एक धुरकट ठिपका यायचा, आणि मागे उजळ आकाश असलं की तो जास्तच दिसायचा. लेन्सला बुरशी धरली असेल म्हणून टॉर्च मारून पाहिलं, पण लेन्स स्वच्छ होती. मग कॅमेरा आणि लेन्सच्या मधे बसवायची पोकळ नळी, म्हणजे एक्स्टेन्शन ट्यूब, नुसती खिडकीकडे धरून आरपार पाहिलं, तर आतली भिंत चकचकत होती. रंग काळाच होता, पण गुळगुळीत. लेन्समधून येणारा आजूबाजूचा प्रकाश त्या भिंतीवर आपटून सेन्सरवर सांडत होता. आतून काळा मखमली कागद लावला आणि त्याच दिवशी काळे रंग पुन्हा काळे दिसायला लागले. तुम्ही लावणार असाल तर संपर्काच्या पिना झाकू नका, आणि कागद आधी नीट झटकून घ्या. त्याचे तंतू सेन्सरवर गेले तर दुसरंच दुखणं मागे लागतं.

सामान तेच आहे: एपीएस-सी (फुल-फ्रेमपेक्षा लहान सेन्सरचा) कॅमेरा, ५० मिमी एफ/१.८ लेन्स आणि १२, २०, ३६ मिमीच्या तीन ट्यूब. ट्यूबमध्ये काच नसते, ती फक्त लेन्सला सेन्सरपासून लांब नेते. हिशेब सोपा आहे. ट्यूबची लांबी भागिले फोकल लेंग्थ (लेन्सचे ५० मिमी), आणि त्यात लेन्सचं स्वतःचं मॅग्निफिकेशन, म्हणजे सेन्सरवर किडा खऱ्या आकाराच्या किती पट पडतो ते, मिळवायचं, जे या लेन्सचं ०.१५ आहे. तिन्ही ट्यूब लावल्या की ६८ भागिले ५० अधिक ०.१५, म्हणजे जवळजवळ १.५ पट. नुसत्या ३६ ला साधारण ०.८७ आणि २० ला ०.५५.

पहिला महिनाभर मी तिन्ही ट्यूब लावूनच फिरलो. मिळतंय तेवढं मोठं करायचं, एवढाच विचार होता. पण त्या जुळणीत किडा समोरच्या काचेपासून जेमतेम सहा सेंटिमीटरवर लागतो. माझी सावली पडली की नाकतोडा उडालाच. शिवाय १.५ पटीला एफ/८ वर फोकसची जाडी, म्हणजे शार्प दिसणारा थर, अर्धा मिलिमीटरसुद्धा भरत नाही. जाडी वाढावी म्हणून लेन्सचं छिद्र बारीक करून एफ/१६ केलं, तर सगळंच मऊ पडलं. त्याचं कारण आकड्यात आहे. छापलेल्या एफला एक अधिक मॅग्निफिकेशनने गुणायचं असतं, म्हणजे एफ/१६ खरं तर एफ/४० होतं आणि डिफ्रॅक्शन, म्हणजे बारीक छिद्रातून प्रकाशाचं पसरणं, बारीक तपशील खाऊन टाकतं. आता १.५ पटीला मी एफ/८ च्या पुढे जात नाही, ३६ च्या ट्यूबवर एफ/११ पर्यंत जातो.

खरा फरक ३६ वर आल्यावर पडला. अंतर थोडं वाढलं, प्रकाश वाढला, आणि व्ह्यूफाइंडरमध्ये किडा सापडायला लागला. टाचणी (चतुरासारखा बारीक अंगाचा किडा) आडवी पूर्ण हवी असेल तर २० ची ट्यूब बरोबर बसते, कारण फ्रेम चारेक सेंटिमीटरची होते. फुलपाखरांसाठी मी ५० ची लेन्स काढून झूम २०० वर ठेवतो आणि ३६ लावतो. मॅग्निफिकेशन थोडंच वाढतं, पण लांबून काम होतं. किट लेन्सवाल्यांनी (कॅमेऱ्यासोबत येणारी १८-५५ ची झूम) १८ मिमीला ट्यूब लावून बघू नये, फोकस अगदी काचेला चिकटून पडतो. ५५ ला ठेवा.

ऑटोफोकस बंदच आहे. रिंग एका जागी ठेवायची आणि स्वतः पुढे-मागे व्हायचं. माझ्या हाताला सगळ्यात मानवलेली युक्ती अशी: डाव्या हाताच्या दोन बोटांत देठ धरायचा आणि त्याच हाताच्या तळव्यावर लेन्स टेकवायची. मग वारा आला तरी किडा आणि कॅमेरा एकत्रच हलतात. पहाटे हे जास्त साधतं, कारण गारव्यात किडे सुस्त असतात. दव अंगावर घेऊन बसलेली टाचणी तर देठ हलवला तरी जागची हलली नाही.

प्रकाशाबद्दल एकच सांगतो, फ्लॅश नुसता मारू नका. १/१६ शक्तीवर त्याचा झोत इतका क्षणिक असतो की हाताचा थरकाप फोटोत उतरतच नाही, हा मोठा फायदा. पण ढालकिड्याच्या पाठीवर फ्लॅशचा पांढरा चौकोन जसाच्या तसा उमटतो. मी पॅकिंगच्या पांढऱ्या फोमचे दोन थर, मध्ये बोटभर फट ठेवून, लेन्सच्या टोकापर्यंत झुकवले आहेत. हा डिफ्यूझर, म्हणजे प्रकाश मऊ करणारा पडदा, किड्याच्या जितका जवळ तितका किड्याला तो आभाळाएवढा. मागचं काळं पडायला नको म्हणून किड्यामागे वीतभरावर एक हिरवं पान येईल असा कोन शोधतो.

आता या हंगामातली सगळ्यात आवडती बैठक. एका कोवळ्या शेंड्यावर मावा लागला होता आणि मुंग्या त्याची राखण करत होत्या. मावा दोनेक मिलिमीटरचा, त्यामुळे इथे पुन्हा ६८ लावली. मुंगी मिशांनी माव्याच्या पाठीवर टकटक करते, मावा मागचा भाग किंचित उचलतो, आणि टोकाला गोड रसाचा थेंब फुगतो. तो थेंब मुंगीच्या तोंडात जायच्या आधीच्या दोन फ्रेम मिळाल्या. मोठ्या करून पाहिल्या तर थेंबात माझ्या डिफ्यूझरचं पांढरं प्रतिबिंब दिसलं, कडा मऊ, गोलसर. फोमचा दुसरा थर सार्थकी लागला.

त्याच शेंड्यावर एक मावा बाकीच्यांपासून जरा बाजूला उभा होता. त्याच्या मागून काहीतरी फिकट बाहेर येत होतं. माव्याच्या माद्या नराशिवाय थेट पिल्लं जन्माला घालतात हे वाचलं होतं, पाहिलं नव्हतं. पिल्लू उलटं येतं, मागचा भाग आधी. पाय अंगाशी घट्ट मिटलेले होते. मग ते एकेक करून सुटले आणि हवेत चाचपडायला लागले. डोकं शेवटी आलं, त्यावर दोन लाल ठिपके, म्हणजे डोळे. मी श्वास रोखून पंधरा फ्रेम घेतल्या. आई आणि पिल्लू एका रेषेत होते, म्हणून कॅमेरा वळवून सेन्सर त्या रेषेला समांतर आणला. त्या अर्ध्या मिलिमीटरच्या आत चौदा फ्रेम बसल्या नाहीत. एकीत आईच्या पाठीवरच्या दोन नळ्या, पिल्लाचे सुटे पाय आणि ते लाल ठिपके, तिन्ही एकदम शार्प आले आहेत.